न जगलेल्या काळाची हुरहुर

प्रश्न : मी लाखनीचा. २००८ साली ‘रॉक ऑन!!’ आला तेव्हा अकरावीत होतो. मित्रांबरोबर भंडाऱ्याला जाऊन तो पाहिला. त्याआधी रॉक म्हणून काही ऐकलेलं नव्हतं. आमच्याकडे इलेक्ट्रिक गिटार दिसायची ती गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात. तरी त्या सिनेमाची गाणी थिएटरात पहिल्यांदा ऐकतानाच ओळखीची आणि जुनी वाटली. माझाही कधीतरी बँड होता आणि तो मोडला, असं काहीतरी वाटून गेलं. आजही ती गाणी लागली की तसंच होतं. वडील १९५८ सालचे. घरात त्यांच्या कॅसेट सतत वाजायच्या. ते म्हणतात, यात नवीन काही नाही, हे सगळं पंचमनं ‘हरे रामा हरे कृष्णा’त करून ठेवलंय. मित्र म्हणतो, ती मुळात जुनी इंग्रजी गाणीच आहेत. खरं काय? आणि जो काळ मी जगलोच नाही, त्याची हुरहुर मला का लागावी?
— एक वाचक, लाखनी, जि. भंडारा

उत्तर : मित्राची शंका आधी मिटवू, ती सर्वांत सोपी आहे. ‘रॉक ऑन!!’ २९ ऑगस्ट २००८ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शन अभिषेक कपूर यांचं, संगीत शंकर-एहसान-लॉय या त्रयीचं, गीतं जावेद अख्तर यांची. त्या अल्बमवर जुन्या इंग्रजी रॉकचं एकही मूळ ध्वनिमुद्रण नाही. गाणी त्याच चित्रपटासाठी लिहिली आणि बांधली गेली. तुम्ही ती ऐकलीत तेव्हा त्यांना बाजारात येऊन फार दिवस झालेले नव्हते.

मित्राचा समज अगदी हवेतून आलेला नाही. जुन्या रेकॉर्डी जशाच्या तशा चित्रपटात वाजवायच्या आणि त्यांचाच अल्बम काढायचा, ही पद्धत अमेरिकेत खरोखर रुळलेली आहे. १९७३ साली जॉर्ज ल्युकस यांनी ‘अमेरिकन ग्राफिटी’ काढला. त्याची कथा १९६२ सालच्या उन्हाळ्यातल्या एका रात्रीत घडते. चित्रपटात गाड्यांच्या रेडिओवर आधीच्या वर्षांतली रॉक अँड रोल गाणी अखंड वाजत राहतात, आणि त्याच्या दुहेरी अल्बमवर अशी ४१ मूळ गाणी होती. म्हणजे जेमतेम अकरा वर्षांपूर्वीच्या काळासाठी लोक हळवे झाले होते. ‘रॉक ऑन!!’मधला बँडही मोडल्यानंतर सुमारे दहा वर्षांनी पुन्हा जमतो. गाणं जुनं वाटायला अर्धं शतक जावं लागत नाही. मधल्या काळात आयुष्य बदललेलं असलं की दहा वर्षं पुरतात.

मग हिंदी चित्रपट जुन्या रेकॉर्डी का वापरत नाहीत? कारण व्यवहाराचं आहे. जुनं गाणं चित्रपटात वापरायचं तर दोन परवानग्या लागतात: एक शब्द आणि चाल ज्यांच्या मालकीची त्यांची, दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाच्या मालकाची. मोठ्या रॉक बँडांच्या बाबतीत दोन्ही महाग, आणि पैसे मोजूनही हमी नसते. लेड झेपेलिन हा बँड चित्रपटांना गाणी फारशी देत नसे. २००३ च्या ‘स्कूल ऑफ रॉक’साठी नायक जॅक ब्लॅकनं चित्रीकरणाला जमलेल्या गर्दीसमोर उभं राहून कॅमेऱ्यात त्यांना जाहीर विनवणी केली, तेव्हा कुठे एक गाणं मिळालं. आपल्याकडे गणित उलटं आहे. नव्या गाण्यांचे हक्क विकून निर्मात्याला पैसे मिळतात आणि प्रदर्शनाआधी तीच गाणी जाहिरातीचं काम करतात. जुनं गाणं हा खर्च आणि नवं गाणं ही कमाई असेल, तर निर्माता काय निवडणार हे उघड आहे. म्हणून आपल्याकडे जुन्या काळाची ओढही नवं गाणं बांधूनच निर्माण केली जाते. ‘दम लगा के हईशा’ (२०१५) आठवा. १९९५ च्या हरिद्वारची गोष्ट, नायकाचं कॅसेटचं दुकान. त्यासाठी अनु मलिक यांनी नव्वदच्या दशकाच्या वळणाची नवी गाणी केली आणि ती गायला कुमार सानू यांनाच बोलावलं.

आता मूळ कोड्याकडे. तुमच्या पत्रात दोन अनुभव एकत्र आले आहेत. एक, ती गाणी आज ऐकताना होणारी कालवाकालव. दुसरा, ती थिएटरात पहिल्यांदाच ऐकताना वाटलेलं जुनेपण. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, म्हणून ती सुटी करून पाहावी लागतील.

आजचा अनुभव समजायला सोपा आहे. माणसाला आयुष्यभर सर्वांत ठळक आठवतात त्या साधारण दहा ते तीस या वयातल्या गोष्टी, असं स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना पुन्हा पुन्हा आढळलं आहे. त्या वयात बहुतेक गोष्टी पहिल्यांदाच घडतात आणि आपण कोण हेही तेव्हाच ठरत असतं. त्या वर्षांतलं संगीत त्या आठवणींना घट्ट चिकटतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथले पीटर जनाटा यांनी २००९ साली मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं, की ओळखीचं गाणं स्वतःच्या आयुष्यातली आठवण जागी करतं तेव्हा कपाळाच्या मागे, मेंदूच्या मध्यरेषेजवळचा भाग कामाला लागतो, आणि गाण्याचे सूर जसे सरकतात तशी त्याची हालचालही होते. तेव्हा आज तुम्हाला जी हुरहुर लागते तिचा मोठा वाटा तुमच्याच २००८ चा आहे. अकरावी, भंडाऱ्याची ती फेरी, तेव्हाचे मित्र. पडद्यावरचा मोडलेला बँड हे त्या आठवणींना मिळालेलं रूप आहे.

पण पहिल्यांदा ऐकताना तर २००८ ही आठवण झालेलीच नव्हती. तिथे वेगळं काहीतरी काम करत होतं.

सर्वांत आधी चित्रपटाची रचना. ‘रॉक ऑन!!’ सुरू होतो तेव्हा बँड मोडून वर्षं लोटलेली आहेत. बँडचा गायक आदित्य (फरहान अख्तर) बड्या पगाराच्या नोकरीत आहे, त्याच्या बायकोला जुन्या वस्तू सापडतात आणि मग मधूनमधून तारुण्यातले प्रसंग दिसत राहतात. गाणी आपण प्रथम त्या तरुण दिवसांत ऐकतो आणि पुढे तेच सूर थकलेल्या, दुरावलेल्या माणसांच्या तोंडून ऐकतो. मधे तास-दीड तास गेलेला असतो, पण कथेत दहा वर्षं गेलेली असतात. आठवण तयार होणं, तिच्यावर धूळ बसणं आणि ती पुन्हा निघणं, हे सगळं प्रेक्षकाच्या बाबतीत त्या अंधाऱ्या हॉलमध्येच उरकतं. शेवटच्या कार्यक्रमात गाणं येतं तेव्हा ते आपल्यालाही खरोखर ‘पुन्हा’ ऐकू येत असतं. यात फसवणूक नाही, पटकथेचं कसब आहे. फरहान अख्तरनं स्वतः गायलेलं असणं इथे उपयोगी पडलं आहे, असं माझं मत आहे. तो तयारीचा गायक नाही. मित्रांच्या मैफलीत कुणीतरी गावं तसा तो आवाज आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला तो आपल्यातलाच वाटतो.

आता आवाजाकडे वळू, कारण रॉक म्हणजे नुसता गोंगाट हा गैरसमज इथेच दूर करता येतो. इलेक्ट्रिक गिटारचा क्षीण संकेत अँप्लिफायरमध्ये क्षमतेपेक्षा जास्त वाढवला, की ध्वनिलहरींची टोकं छाटली जातात. छाटलेल्या लहरीत मूळ स्वराच्या वरचे अनेक उपस्वर तयार होतात आणि आवाज जाड, खरबरीत, लांब टिकणारा होतो. सुरुवातीला हा यंत्राचा दोष मानला जाई. १९६५ साली रोलिंग स्टोन्स या बँडच्या ‘सॅटिस्फॅक्शन’नं तो मुद्दाम, एका छोट्या पेटीच्या मदतीनं वापरला आणि जगभर पोचवला.

या छाटणीचा एक परिणाम असा की दोन स्वर एकदम वाजवले तर त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचेही स्वर उमटतात. समजा, षड्ज सेकंदाला २०० कंपनांचा आणि पंचम ३०० चा आहे. वजाबाकी १००, बेरीज ५००. सगळे १०० च्या पटीत, म्हणून एकमेकांत मिसळतात. त्याऐवजी षड्जाबरोबर गिटारच्या पडद्यावरचा शुद्ध गंधार घेतला, तर तो सुमारे २५२ चा असतो. वजाबाकी ५२, बेरीज ४५२. हे कशातच नीट बसत नाहीत आणि आवाज गढूळ होतो. म्हणून रॉकचा गिटारवादक आवाज खरबरीत करतो तेव्हा गंधार गाळून नुसता षड्ज-पंचम धरतो.

आता आपला तंबोरा घ्या. त्याच्या तारा बहुधा पंचम आणि षड्जातच मिळवतात, आणि घोडीवर तारेखाली जवारीचा दोरा सरकवतात तो उपस्वर फुलवण्यासाठीच. भजनात, कीर्तनात, रेडिओवरच्या शास्त्रीय गायनात हा षड्ज-पंचमाचा भरलेला नाद महाराष्ट्रातल्या कानांना लहानपणापासून सवयीचा असतो. दोन्हींचा स्वभाव निराळा आहे, एक स्थिर आणि दुसरा उसळता. पण पाया तोच असल्यानं रॉकची गिटार आपल्याला वाटते तितकी परकी लागत नाही. ‘रॉक ऑन!!’च्या संगीतकारांपैकी शंकर महादेवन हे श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेले, पुढे ‘कट्यार काळजात घुसली’त पंडितजींच्या भूमिकेत आपण त्यांना पाहिलं. एहसान नूरानी लॉस एंजेलिसला जाऊन गिटार शिकून आलेले. ही दोन घराणी एका खोलीत बसून चाली बांधत होती.

राहिले वडील. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यात ते पंचमला, म्हणजे संगीतकार राहुल देव बर्मन यांना, जास्त श्रेय देतात, आणि एका ठिकाणी कमीही.

जास्त असं, की हिंदी चित्रपटात रॉक अँड रोल पंचमच्या आधीच आलं होतं. बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ १९५४ चं. तीनच वर्षांत, १९५७ च्या ‘आशा’त, पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्र यांनी, ‘ईना मीना डीका’ केलं. हे इतक्या लवकर जमलं ते गोव्यामुळे. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत. ती वाचू शकणारे वादक मुंबईत आले, आधी हॉटेलांच्या बँडमध्ये आणि मग चित्रपटांच्या वाद्यवृंदात. सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम करणारे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे हळदोण्याचे. पुढे १९६५ साली शंकर-जयकिशन यांनी ‘जानवर’मध्ये बीटल्सची एक चाल उचलली. तुमच्या मित्राचा आरोप ‘रॉक ऑन!!’ऐवजी तिथे लागू पडतो. त्याच वर्षीच्या ‘गुमनाम’मधल्या ‘जान पहचान हो’त टेड लायन्स अँड हिज कब्ज हा मुंबईचा खराखुरा बँड पडद्यावर दिसतो.

या शेवटच्या गाण्याची पुढची गोष्ट तुमच्या प्रश्नाच्या फार जवळची आहे. २००१ साली ‘घोस्ट वर्ल्ड’ नावाचा अमेरिकन चित्रपट आला. त्याच्या सुरुवातीला एक अमेरिकन मुलगी आपल्या खोलीत व्हिडिओवर ‘जान पहचान हो’ लावून बेभान नाचते. ती मुंबईत कधी आलेली नाही, तिला हिंदी येत नाही, आणि १९६५ साली तिचा जन्मही झालेला नव्हता. तुम्हाला जसा न जगलेला रॉकचा काळ जवळचा वाटला, तसा तिला आपला. ही ओढ दोन्ही दिशांनी वाहते.

आता कमी कसं ते. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मधलं ‘दम मारो दम’ गिटारनं सुरू होतं. ती गिटार पुढे गझलगायक म्हणून नावाजलेल्या भूपिंदर सिंग यांची, आणि आवाज सांगलीच्या मातीतल्या आशाबाईंचा. नाद रॉकचाच, याबद्दल वडिलांशी वाद नको. फरक एवढाच, की तिथे बँड हा कथेचा विषय नाही, वादक स्टुडिओत पडद्याआड आहेत. पण वडिलांनी दाखला द्यायला हवा होता तो ‘यादों की बारात’चा (१९७३). त्यात लहानपणी आईकडून ऐकलेलं गाणं, भाऊ ताटातुटीनंतर मोठे झाल्यावर, गिटार घेतलेला धाकटा भाऊ हॉटेलच्या मंचावर गातो आणि त्या गाण्यावरूनच भाऊ एकमेकांना ओळखतात. संगीत पंचमचं. आधी गाणं, मग विरह, मग तेच गाणं आणि पुनर्भेट, हा ‘रॉक ऑन!!’चा सांगाडा तिथे पस्तीस वर्षं आधी उभा आहे. ‘कर्ज’नं (१९८०) तर कळस केला. त्यात गिटारवर एक धून वाजवताना नायकाला मागचा जन्म आठवतो. न जगलेल्या काळाची आठवण ही कल्पना लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या एका धुनेवर तोललेली आहे.

हे सगळं लाखनीसारख्या गावापर्यंत पोचलं रेडिओवरून. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ नाहीशी झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. लघुलहरी आकाशातल्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो कोस दूर उतरतात. त्यामुळे बुधवारी रात्री आठला दादरला जे ऐकू येई तेच धानाच्या शेतातल्या ट्रान्झिस्टरवरही येई. विविध भारती १९५७ मध्ये आली तोवर सवय लागून गेली होती. भंडारा जिल्ह्यात लोकांनी बीटल्सच्या तबकड्या जमवल्या नसतील, पण गिटार, ड्रम आणि ट्रम्पेट चित्रपटगीतांच्या पोटातून घराघरांत येऊन बसले होते. तुमचे वडील १९७२ मध्ये चौदा वर्षांचे. ज्या वयातलं संगीत सर्वांत खोल रुजतं, नेमकं तेच वय.

आणि तेच संगीत त्यांनी तुमच्या लहानपणी घरात वाजवलं. इथे तुमच्या कोड्याचा शेवटचा दुवा सापडतो. २०१३ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरल क्रुमहान्सल आणि त्यांच्या सहकाऱ्यानं विशीतल्या विद्यार्थ्यांना १९५५ पासूनची, दरवर्षीची लोकप्रिय गाणी ऐकवली. अपेक्षा होती की मुलांना फक्त आपल्या काळातली गाणी भिडतील. ती भिडलीच, पण मागे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे त्यांचे आईवडील तरुण होते त्या वर्षांत, आणखी एक उंचवटा दिसला. त्या गाण्यांशीही मुलांच्या आठवणी आणि भावना जोडलेल्या होत्या. साठच्या दशकाशीही असंच थोडंफार आढळलं. आईवडिलांनी घरात जे वाजवलं ते मुलांच्या बालपणात मुरलं, हे त्याचं सरळ स्पष्टीकरण. पुढच्याच वर्षी ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ या चित्रपटानं हेच कथेत आणलं. नायकाजवळ आईनं भरून दिलेली कॅसेट आहे आणि तिच्यावर आईच्या तारुण्यातली गाणी. केवळ जुन्या गाण्यांचा तो अल्बम अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत पहिला आला. असं त्याआधी कुठल्याच चित्रपटाच्या बाबतीत घडलं नव्हतं.

तेव्हा थिएटरात तुम्हाला जे ओळखीचं वाटलं ते खरोखर ओळखीचं होतं. गाणी नवी होती, पण गिटारचा तो जाड नाद, ड्रमचा ठोका आणि हरवलेलं गाण्यातून परत मिळण्याची ती कथा तुम्ही वडिलांच्या कॅसेटमधून कितीतरी आधी ऐकली होती. तो काळ तुम्ही जगला नाहीत, वडील जगले. त्याचा आवाज मात्र तुमच्याच घरात होता.

आता मूळचं इंग्रजी रॉक ऐकावंसं वाटत असेल आणि भाषेची धास्ती असेल, तर एक सुचवतो. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसन यांनी ‘वंडरवॉल’ या चित्रपटासाठी केलेला ‘वंडरवॉल म्युझिक’ हा अल्बम मिळवा. तो जवळजवळ सगळा वाद्यसंगीताचा आहे, त्यामुळे शब्दांची अडचण येत नाही. त्यातला भारतीय वाद्यांचा भाग जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. संतूर शिवकुमार शर्मांचं आहे. तो नोव्हेंबर १९६८ मध्ये बाहेर पडला आणि बीटल्सपैकी कुणीही स्वतंत्रपणे काढलेला तो पहिला अल्बम ठरला. तो ऐकून झाल्यावर ‘यादों की बारात’ वडिलांबरोबर बसून पाहा, आणि त्यांचं काय म्हणणं पडलं ते आम्हाला कळवा.